स्टेम प्लांटची जुडी का सडते आणि ती उसासारखी का लावावी

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी माशांची दोन फुटी टाकी, त्यात आठ गप्पी आणि दोन गोल्डफिश. दुकानातून दोन वेळा झाडांच्या जुड्या आणल्या आणि शिशाच्या पट्टीसकट वाळूत खोचल्या. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत पानं बुळबुळीत होऊन गळाली, उरलेल्या काड्यांवर शेवाळ चढलं. आता दुकानदाराचं म्हणणं, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावल्याशिवाय झाडं टिकणार नाहीत. तर सिलिंडर घ्यावा का?

नको. तुम्ही नावं लिहिलीत ती हायग्रोफिला, अंबुलिया आणि रोटाला ही आपल्याच मुलखातल्या ओढ्यांत, डबक्यांत, भातखाचरांच्या कडेला वाढणारी झाडं. यांना स्टेम प्लांट म्हणतात, म्हणजे उभ्या खोडाला गाठीगाठीवर पानं येणारी पाणझाडं. हवेतून पाण्यात विरघळणारा, माशांच्या श्वासातून आणि तळच्या जिवाणूंकडून मिळणारा कार्बन डायऑक्साइड त्यांना पुरतो. वाढ सावकाश होते, एवढंच. मी बावीस वर्षं मंगळवार पेठेतल्या घरी टाक्या ठेवतोय. आज सहा आहेत आणि त्यातल्या पाचांना सिलिंडर नाही. सिलिंडरच्या पैशात तुमची वर्षभराची खतं, दिवा, टायमर, चांगली कात्री आणि लांब चिमटा, सगळं येऊन वर पैसे उरतील.

तुमच्या जुड्या का मेल्या ते सांगतो. घरची शेती असो नसो, कोल्हापुरात राहून उसाची लावण पाहिली नाही असं सहसा होत नाही. अख्खा ऊस मोळी बांधून कुणी सरीत उभा करत नाही. त्याची दोन डोळ्यांची टिपरी तोडतात, अंतर ठेवून मांडतात. बेण्यासाठी शेंड्याकडचा भाग घेतात, कारण तिथले डोळे कोवळे असतात आणि लवकर फुटतात. बुडख्याचे डोळे निबर झालेले असतात. स्टेम प्लांटचा कायदा हाच. खोडावर गाठी, गाठीच्या बगलेत डोळा, गाठीतूनच मुळं. जुडी म्हणजे बेण्याची मोळी. मोळीच रोवली की आतल्या काड्यांना ना उजेड, ना वाहतं पाणी. शिशाच्या पट्टीखाली खोड दबून काळं पडतं आणि कूज खालून वर चढत जाते.

दुसरं कारण दुकानातून आणतानाच झाडासोबत येतं. विकायला आलेली बरीचशी झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं हवेतली, जाडसर, वर मेणाचा थर असलेली. पाण्यात बुडाली की ती निकामी होतात आणि झाड ती टाकून देतं. पाण्यातली पानं नवीन येतात, पातळ आणि बहुतेक वेळा वेगळ्या आकाराची. रोटाला रोटंडिफोलियाचं हवेतलं पान चक्क गोल असतं, पाण्यातलं लांबट. त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांत जुनी पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं धरू नका. शेंडा पाहा. शेंड्यात बारीक, ताजा कोंब असेल आणि खोड दाबल्यावर टणक लागत असेल तर झाड जिवंत आहे. खोड बोटात मऊ चेपलं, वास मारला, तर तेवढा भाग कापून टाका. तुम्ही दोन्ही वेळा नेमक्या याच टप्प्यावर झाडं उपटून फेकलीत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता लावण. जुडी घरी आली की पहिल्यांदा शिशाची पट्टी आणि आतला स्पंज काढा. परातीत पाणी घेऊन त्यात काड्या सुट्या करा. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून नंतर दोन-तीन पाण्यांनी धुवा, गोगलगायींचा आणि शेवाळाचा उपद्रव बराच कमी होतो. मग एकेक काडी हातात घ्या. शेंड्यापासून चार-पाच बोटं मोजा आणि गाठीच्या जरा खाली धारदार कात्रीने कापा. बोथट कात्री खोड चिरडते आणि चिरडलेलं खोड सडतं. खालच्या दोन गाठींची पानं नखाने खुडा, कारण वाळूत गेलेलं पान कुजणारच. चिमट्यात खोडाचं टोक धरून काडी तिरकी आत घाला आणि चिमटा हळूच उघडून मागे घ्या. सरळ खोचलेली काडी संध्याकाळपर्यंत वर तरंगते, तिरकी टिकते. दोन काड्यांत अंगठ्याएवढं अंतर ठेवा. वाळू दोन-अडीच इंच हवी, बाजरीच्या दाण्याएवढी. ती चुन्याची नको. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा, फेस आला तर परत करा.

सुरुवातीला भरपूर झाडं लावा. ही गोष्ट मी सगळ्यांना परत परत सांगतो. दोन फुटी टाकीत पाच काड्या लावल्या तर पाण्यातलं खत आणि उजेड शेवाळाच्या वाट्याला जातो. तळाचा निम्म्याहून जास्त भाग पहिल्याच दिवशी झाडांखाली हवा. एका प्रकारच्या तीन-चार जुड्या घ्या, दहा प्रकारची एकेक जुडी घेऊ नका.

कोणती घ्यायची? माझी पहिली शिफारस हायग्रोफिला पॉलिस्पर्मा. आपल्याकडे ओढ्याकाठी निळ्या-जांभळ्या फुलांचा, काटेरी कोळसुंदा उगवतो ना, तालिमखाना म्हणतात तो, त्याच्याच कुळातलं हे झाड. इतकं चिवट की तुटून तरंगणाऱ्या पानालाही मुळं फुटतात. आठवड्यात बोटभर वाढलं तर नवल नाही. त्याचं भावंड हायग्रोफिला डिफॉर्मिस, ज्याला दुकानात विस्टेरिया म्हणतात, कोथिंबिरीसारख्या चिरलेल्या पानांचं, तेही तितकंच सोपं. तिसरी आपली ब्राह्मी, म्हणजे बकोपा मोनिएरी. वाढीला मंद, पण मरत नाही. तिची अमेरिकेतली बहीण बकोपा कॅरोलिनियाना मिळाली तर एक पान चुरगळून वास घ्या, लिंबासारखा येतो. अंबुलिया मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात फार छान वाढते. घेताना मात्र कॅबोम्बा हातात पडत नाही ना ते बघा. दोन्ही दिसायला पिसासारख्या. कॅबोम्बाची पानं गाठीवर समोरासमोर दोन असतात, देठ असलेल्या पंख्यासारखी. अंबुलियाची पानं खोडाभोवती गोल चक्रात येतात. कॅबोम्बाला उजेड जास्त लागतो, नवख्या हातात ती झडते. आणि हॉर्नवर्ट घेतलंत तर ते मुळीच रोवू नका. त्याला मुळंच नसतात, वाळूत गाडलेला भाग कुजतो. नुसतं तरंगत सोडा. नव्या पाण्यात पहिले काही दिवस सुयांसारखी पानं झाडून टाकतं, ती गाळून घ्या. नवीन टाकीचं पाणी स्वच्छ ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. रोटाला मात्र तीन महिन्यांनी आणा, हात बसल्यावर. कमी उजेडात ती जगते, पण हिरवीच राहते. तिचा गुलाबी शेंडा पाहायचा तर दिवा वाढवावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. शहराच्या नळाला येणारं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, धरणा-नद्यांतून आलेलं, म्हणून मऊ. या झाडांना ते मानवतं. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तीच खूण. तुमच्या इमारतीत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडत असेल तर पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, एकदा मोजून घ्या, पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे मीटर असतो. जड पाण्यात हायग्रोफिला आणि ब्राह्मी चालतील, अंबुलियाचा हट्ट सोडा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मात्र घालवलाच पाहिजे. बादली रात्रभर उघडी ठेवा किंवा हायपोचे खडे वापरा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की क्लोरीनचा वास वाढतो, तेव्हा एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त पाणी बदलू नका. एरवी आठवड्याला तीस टक्के.

दिवा महागडा नको. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन फुटी, दहा वॅटची एलईडी ट्यूब मिळते. खोक्यावर 6500 केल्विन आणि साधारण 1000 ल्युमेन लिहिलेली घ्या. तुमच्या टाकीत वाळू आणि मोकळी जागा सोडून साठ लिटर पाणी असेल. हायग्रोफिला, विस्टेरिया, ब्राह्मी यांना एक ट्यूब पुरते. रोटालासाठी दोन. रोज सात तास, टायमर लावून. माणूस दिवा लावतो तेव्हा कधी पाच तास होतात, कधी पाहुणे आले की अकरा, आणि त्या अकरा तासांत शेवाळ फोफावतं. खिडकीतलं ऊन थेट टाकीवर येऊ देऊ नका. उजेड पुरतो की नाही हे झाडच सांगतं. दोन गाठींतलं अंतर पाहा. उजेड कमी असेल तर झाड तो शोधत वर धावतं, पेरं लांब होतात, खोड बारीक राहतं, खालची पानं गळून पाचट होतं. पुरेसा असेल तर पेरं आखूड आणि झाड भरगच्च. मी दर रविवारी टाकीसमोर बसून आधी पेरं पाहतो, मग बाकीचं.

खताबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्याकडे सोय आहे आणि धोकाही तिथेच आहे. लक्ष्मीपुरीत जा किंवा गावाकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात, विद्राव्य खतं मिळतात. त्यातलं 13-0-45 (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. 0-52-34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. 0-0-50 म्हणजे पोटॅशियम सल्फेट. मत्स्यटाकीच्या महागड्या बाटल्यांत बहुतेक हेच क्षार असतात. पन्नास ग्रॅम 13-0-45 एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातले वीस मिली म्हणजे एक ग्रॅम. साठ लिटरला एवढं दिलं की नायट्रेट लिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅमने वाढतं आणि पोटॅशियम साडेसहाने. टाकीत मासे आहेत, त्यांच्या विष्ठेतूनही नायट्रेट येतं, म्हणून तुम्ही आठवड्याला दहा मिलीपासून सुरू करा, पाणी बदलल्यानंतर. 0-52-34 चं पाणी पातळ करा, लिटरला दहा ग्रॅम, आणि आठवड्याला पाच ते दहा मिली पुरे. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मात्र टाकीसाठीचीच बाटली घ्या. शेतीच्या मिश्रणात जस्त आणि तांबं असतं, मापात जरा चूक झाली तर तांब्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात. फॉस्फेट आणि लोह एका बाटलीत मिसळू नका, साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. एक सोमवारी, दुसरं गुरुवारी.

आता धोका. 19-19-19 टाकीत कधीही घालायचं नाही, 12-61-0 सुद्धा नाही. त्यांतला बहुतेक नत्र अमोनियम किंवा युरियाच्या रूपात असतो. शेतात तो चालतो, टाकीत त्याचा अमोनिया होतो आणि माशांचे कल्ले जळतात. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून हे झालं. सगळी विद्राव्य खतं सारखीच असं समजून मी संध्याकाळी अर्धा चमचा 19-19-19 घातलं. पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंड वर करून होते, सकाळपर्यंत नऊ गेले. आजही खताची पुडी उघडताना मी आकडे दोनदा वाचतो. तुम्हीही वाचा.

कमतरता कशी ओळखायची? हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली, त्यांच्या कडा पिवळ्या झाल्या, तर पोटॅशियम कमी. मग 0-0-50 उपयोगी, त्याने नायट्रेट न वाढता पोटॅशियम मिळतं. खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी पडून गळू लागली तर नत्र कमी. उलट शेंड्याचं नवं पान फिकट, पांढुरकं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. जुनं पान बोलतंय की नवं, हे आधी बघायचं. जुन्या पानातून पोटॅशियम आणि नत्र काढून झाड शेंड्याला पुरवतं. लोह त्याला असं हलवता येत नाही. भोकं पडलेलं पान पुन्हा भरून येत नाही, म्हणून सुधारणा नव्या पानांवर मोजा.

काही जण वाळूखाली गगनबावड्याकडची तांबडी माती घालतात. लोह भरपूर असतं आणि वाढही जोमाने होते. पण स्टेम प्लांट आपण सारखी उपटतो, परत लावतो, दर वेळी माती वर येते आणि दोन दिवस टाकी चहासारखी दिसते. तुम्हाला मी नुसती वाळू आणि बाटलीतलं खत सुचवेन. काळी माती तर नकोच, ती भिजून फुगते आणि गाळ बसता बसत नाही. शेणखतही नको.

गोल्डफिशबद्दल मन घट्ट करून लिहितो. ते दोघं कोवळे शेंडे खातात, वाळू उकरतात आणि काड्या उपटतात. शिवाय साठ लिटर त्यांना कमीच आहे, त्यांची घाण गप्पींच्या कितीतरी पट. त्यांना मोठ्या टाकीत जागा मिळत असेल तर द्या. गप्पी राहू द्या, त्यांची पिल्लं विस्टेरियात लपून वाढतील.

पहिले सहा आठवडे कठीण असतात. काचेवर तपकिरी थर येईल, तो कापडाने पुसा, आपोआप थांबतो. पानांवर हिरवे केस आले तर दिवा सहा तासांवर आणा आणि ते टूथब्रशला गुंडाळून ओढून काढा. खत बंद करू नका, उपाशी झाड शेवाळाला हरतं. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तिसाच्या वर गेलं की झाडं दमतात. झाकण काढून पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, दोन-तीन अंश सहज उतरतात. रोज थोडं पाणी उडेल, ते भरत जा.

मग एक दिवस शेंडे पृष्ठभागाला टेकतील आणि खरं काम तिथून सुरू होईल. कापायला घाबरू नका. झाड वर पसरलं की खाली अंधार होतो आणि बुडखा उघडा पडतो. टाकीच्या निम्म्या उंचीवर, गाठीच्या वर काप घ्या. मागे राहिलेल्या खोडाला वरच्या गाठीतून दोन फुटवे येतील, उसाच्या खोडव्यासारखे, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसासारखे. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो, शेंडा गेला की ते जागे होतात. कापलेले शेंडे तिथेच बाजूला लावा. दोन-तीन वेळा असा खोडवा घेतला की बुडखे काळपट आणि निबर होतात. तेव्हा सगळं उपटा आणि फक्त शेंडे नव्याने लावा. मी हायग्रोफिला पंधरा दिवसांनी कापतो, ब्राह्मी दीड महिन्याने. खोडाच्या मधल्या गाठींतून पांढरी मुळं लोंबताना दिसली तर काळजी नको, ती पाण्यातूनच अन्न घेतात.

झाडांनी भरलेली टाकी काय करते ते मी 2019 च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. महापुराने पाणी उपसा केंद्रं बुडाली, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, आमच्या गल्लीत वीजही नव्हती. फिल्टर बंद, पाणी बदलायला थेंब नाही. आम्ही प्यायच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत होतो, टाकीचा विचार कुठून येणार! विस्टेरिया आणि अंबुलियाने गच्च असलेल्या दोन टाक्यांतले सगळे मासे त्यातून वाचले, कारण झाडं अमोनिया थेट पाण्यातून उचलतात. एक सांगायला हवं, की रात्री झाडंही प्राणवायूच घेतात. पहाटे मासे वर यायचे, तेव्हा मी आणि मुलगी मेणबत्ती लावून तांब्याने टाकीतलंच पाणी वरून धार धरून पुन्हा ओतायचो, अर्धा अर्धा तास. उजाडल्यावर खिडकी उघडली की झाडं काम सुरू करायची.

दहावीच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवलेल्या हायड्रिलातून बुडबुडे निघायचे, ते तुमच्याही टाकीत दिसतील. पाणी बदलल्यावर लगेच दिसणारे बुडबुडे बरेचसे नळाच्या पाण्यातल्या हवेचे असतात. दिवा लागून चार-पाच तास झाल्यावर पानाच्या एका जागेतून मोत्यांची माळ सरळ वर चढताना दिसली, तर तो खरा प्राणवायू.

शेवटचं, छाटणीतून उरलेल्या वाड्याचं, म्हणजे कापलेल्या शेंड्या-काड्यांचं. दोन महिन्यांनी तुमच्याकडे इतक्या काड्या होतील की लावायला जागा उरणार नाही. ओळखीत द्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर दोन दिवस सहज टिकतात. पण रंकाळा, कळंबा तलावांत किंवा पंचगंगेत टाकू नका. जलपर्णीने काय होतं ते आपण दर उन्हाळ्यात पाहतो, आणि केरळात कॅबोम्बा टाक्यांतून सुटून कालव्यांत पसरली आहे. ब्राह्मी, अंबुलिया आपल्याकडच्या असल्या तरी दुकानातल्या जुडीत सोबत काय आलंय ते आपल्याला कळत नाही. तसंच रंकाळ्यातून फुकट झाडं उचलूनही आणू नका, सांडपाणी, जळवा आणि रोग सोबत येतात. उरलेलं वाडं गच्चीवर उन्हात पसरा, तीन दिवसांत कडकडीत वाळतं. मग चुरडून कुंडीत टाका. आमच्या तुळशीला मी दुसरं खत घालत नाही.